चार वेळा भरवूनही चांदी रिकामी : कृष्णाकाठच्या एका गोठ्यातील वंध्यत्वाचे प्रकरण

वाळवा तालुक्यातला दहा संकरित होल्स्टिन गाईंचा गोठा. उसाचा पट्टा, घराला लागून गोठा, वर पत्रा, खाली कोबा, गाई दिवसरात्र दावणीला बांधलेल्या. गोठा प्रातिनिधिक आहे. या भागात एकाच दावणीला जे जे सापडते ते इथे एकत्र मांडले आहे. मालकाची तक्रार मेच्या मध्यात आली ती अशी : "गाई उलटत्यात. कांडीच खराब येतीय." उलटणे म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणे, आणि कांडी म्हणजे गोठवलेल्या रेताची नळी.

दहापैकी तीन गाई गाभण होत्या. कपिला नावाची एक वीस दिवसांपूर्वी व्यालेली. उरलेल्या सहा रिकाम्या, आणि त्या सहाही 'उलटणाऱ्या' म्हणून एकाच यादीत घातलेल्या. प्रत्येकीला आळीपाळीने माजाचे इंजेक्शन (प्रोस्टाग्लँडिन), गर्भाशयात औषध आणि कॅल्शियमची बाटली देऊन झाली होती. तपासणीत या सहा गाईंना पाच वेगवेगळे आजार निघाले. त्यातल्या दोघींना ते इंजेक्शन उपयोगाचे होते, दोघींना निरुपयोगी, आणि एकीला आता पुन्हा दिले असते तर पोटातला संभाव्य गर्भ गेला असता.

कॅलेंडरवरच्या तारखा

या गोठ्यात रजिस्टर नव्हते. पण मालकाच्या पत्नीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रेतनाच्या दिवशी गाईचे नाव लिहून ठेवले होते, आणि निम्मे निदान तिथेच झाले. गाईचे माजचक्र सरासरी २१ दिवसांचे, १८ ते २४ दिवसांत बसणारे. दोन रेतनांमधले अंतर मोजले की बिघाड कुठे आहे याचा माग लागतो.

चांदी, तिसरे वेत, १५ डिसेंबरला व्यालेली. रेतन २३ फेब्रुवारी, १६ मार्च, ७ एप्रिल आणि २७ एप्रिलला. अंतरे २१, २२ आणि २० दिवस. म्हणजे बीजांडकोश घड्याळासारखा चाललेला, माज वेळेवर. अडचण त्यापुढची आहे : एक तर फलन होत नाही, किंवा झालेला गर्भ पहिल्या पंधरवड्यातच मरतो. गर्भ जिवंत असला तर साधारण १६व्या-१७व्या दिवशी तो गाईच्या शरीराला आपण असल्याचा रासायनिक संकेत देतो आणि पुढचा माज थांबतो. त्याआधीच गर्भ गेला तर माज ठरल्या दिवशी येतो आणि गाय नुसती 'उलटली' असे दिसते.

राणीच्या तारखा ५ मार्च, १७ एप्रिल, ८ मे. पहिले अंतर ४३ दिवसांचे. दोन चक्रांची बेरीज बेचाळीसच्या आसपास येते, म्हणजे मधला एक माज कुणाच्या नजरेला पडलाच नसण्याची शक्यता मोठी. (अंतर २५ ते ३५ दिवसांचे असते तर गर्भ उशिरा दगावल्याचा संशय आधी घेतला असता.) आणि ८ मेचे रेतन ताजे होते. ती गाभण असू शकते, म्हणून तिला प्रोस्टाग्लँडिन देण्याचा प्रश्नच नव्हता. हे औषध बीजांडकोशावरचा पीतपिंड (बीजांड सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) मोडते, आणि गर्भ त्या पीतपिंडावरच टिकून असतो.

तांबडीची नोंद १० मार्च, १९ मार्च, ४ एप्रिल, १२ एप्रिल. अंतरे ९, १६ आणि ८. हे चक्रच नव्हे. एवढ्या विस्कटलेल्या तारखा दिसल्या की बीजांडकोशावर गळू आहे का ते बघायचे, किंवा माज नसतानाच रेतन झाले का हे विचारायचे.

गंगी, सोनी आणि मोरी यांची नावे कॅलेंडरवर एकदाही नव्हती.

चांदीची बळस

चांदी १८ मे रोजी माजावर येणार हे तारखांवरून आधीच कळले होते, म्हणून तपासणी त्याच दिवशी ठेवली. बळस, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, वरवर निर्मळ होती, लांब तार धरणारी, काचेसारखी. उजेडासमोर धरल्यावर मात्र त्यात रव्यासारखे दोन-तीन पांढरे कण तरंगताना दिसले. अशा वेळी नुसत्या नजरेवर थांबू नये. गोठ्यावर करता येण्यासारखी एक जुनी, स्वस्त चाचणी आहे, तिला व्हाइट साइड चाचणी म्हणतात. योनिमार्ग बाहेरून धुऊन, पुसून, निर्जंतुक नळीने आतली बळस घ्यायची. काचेच्या परीक्षानळीत १ मिली बळस आणि तेवढेच कॉस्टिक सोड्याचे १० टक्क्यांचे द्रावण घालायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळी फुटेपर्यंत तापवायचे आणि थंड होऊ द्यायचे. रंग आला नाही तर गर्भाशय स्वच्छ. पिवळा आला तर बळसेत पांढऱ्या पेशी भरपूर आहेत, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराला सूज आहे. रंग जितका गडद, तितकी सूज जास्त. कॉस्टिक सोडा कातडी जाळतो, म्हणून हातमोजे हवेत आणि नळीचे तोंड माणसांकडे किंवा गाईकडे नको.

चांदीची नळी हळदीसारखी पिवळी झाली. सुप्त गर्भाशयदाह. पू बाहेर दिसत नाही, गाय खाते-पिते, दूध देते, माज नियमित दाखवते, आणि गर्भाला मात्र आत राहायला जागा नाही. अशा गर्भाशयात चांगली कांडी सोडूनही ती वायाच जाते. चारही वेळा कांडीला दिलेला दोष चुकीचा होता.

त्या माजाला रेतन केले नाही. मालकाला हे पटवणे सर्वांत अवघड गेले, कारण पाचवा माज हातचा सोडणे म्हणजे आणखी २१ दिवस. पण दाहात रेतन केले तरी ते दिवस जातातच, वर कांडीचे पैसेही जातात. बळसेचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फावर, जंतू आणि औषधाची संवेदनशीलता तपासायला पाठवला. सांगली-साताऱ्याच्या पशुपालकांना अडलेल्या प्रकरणांसाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचे आहे. अहवालात जे प्रतिजैविक लागू पडले त्याचाच पूर्ण कोर्स दिला, आणि औषधाच्या लेबलवर दिलेल्या मुदतीपर्यंत तिचे दूध डेअरीला घातले नाही. अंदाजाने गर्भाशयात दर माजाला वेगळे औषध किंवा आयोडीन सोडत राहणे हा या भागातला नेहमीचा प्रकार आहे. त्याने अस्तर भाजते, जंतू औषधाला सरावतात आणि खरा उपचार करायची वेळ येते तेव्हा औषध चालत नाही.

चांदीला दाह आला कुठून? डिसेंबरात तिची वार (वासरानंतर पडणारी नाळेची पिशवी) अडकली होती आणि दुसऱ्या दिवशी ती हात घालून ओढून काढली होती. मोरीचीही तशीच काढली, कपिलाचीही. सहा महिन्यांत तीन गाईंची वार अडकली म्हणजे बिघाड गाईंपेक्षा दावणीत शोधायला हवा.

व्यायच्या आधीचे दोन महिने

गळीत हंगामात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, जवळजवळ फुकट मिळतात. या गोठ्यात प्रत्येक गाईला रोज २५ किलोपर्यंत वाढे, सोबत थोडा कडबा आणि सगळ्यांना सारखीच ४ किलो गोळी पेंड. आटवलेल्या, म्हणजे व्यायच्या आधी धार बंद केलेल्या, गाईंना पेंड बंद, खनिज मिश्रण नाही, नुसते वाढे. पोट भरलेले दिसते, म्हणून शंका येत नाही. पण वाढ्यात प्रथिने शुष्क भागाच्या जेमतेम ५-६ टक्के, आणि त्यातले ऑक्झॅलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून बसते, ते आतड्यातून रक्तात जात नाही. फॉस्फरस, तांबे, जस्त यांचाही तुटवडा.

गर्भाशय हा स्नायू आहे. वार सुटायला आणि गर्भाशय आवळायला कॅल्शियम लागते. वार सैल करणाऱ्या पांढऱ्या पेशींना सेलेनियम, जीवनसत्त्व ई आणि पुरेशी ऊर्जा लागते. शेवटच्या दोन महिन्यांत हे मिळाले नाही की व्याल्यावर वार अडकते, ती कुजते, जंतू वर चढतात, आणि चौथ्या महिन्यात गाय उलटायला लागते. तोवर व्यायच्या दिवसाची आठवण कुणालाच राहिलेली नसते.

यात एक चूक चांगल्या हेतूने झाली होती. गाय अशक्त दिसते म्हणून व्यायच्या आधीच्या पंधरवड्यात रोज कॅल्शियमची बाटली पाजली जात होती. याचा परिणाम उलटा होतो. बाहेरून आयते कॅल्शियम मिळत राहिले की हाडांतून ते काढण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते. व्याल्याबरोबर चिकासाठी एकदम मोठी ओढ लागते तेव्हा ती जागी व्हायला वेळ घेते, आणि नेमकी त्याच वेळी रक्तातली पातळी घसरते. तोंडाने द्यायचे कॅल्शियम व्याल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी द्यावे, आधी नाही. त्याच कारणाने शेवटच्या तीन आठवड्यांत लसूण घासही आवरता घ्यावा, त्यात कॅल्शियम जास्त असते.

गोठ्यात बदल असे केले. गाय व्यायच्या ६० दिवस आधी पूर्ण आटवायची. वाढे १० किलोच्या वर नाहीत, तेही कुट्टी करून. त्यांच्या जागी मक्याचा मुरघास आणि कडबा. शेवटच्या तीन आठवड्यांत पेंड अर्ध्या किलोपासून सुरू करून व्यायच्या वेळेपर्यंत २ ते ३ किलोवर आणायची, म्हणजे पोटातले जंतू पेंडीला सरावतात. आटलेल्या काळात भाकड गाईंसाठीचे खनिज मिश्रण आणि व्यायच्या तीन आठवडे आधी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जीवनसत्त्व ई व सेलेनियमचे इंजेक्शन. दुधात असताना रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि दर अडीच लिटर दुधामागे १ किलो पेंड. ४ किलो पेंडीत १० लिटरची गाय सांभाळली जाते. १८ लिटरची गाय उरलेले दूध स्वतःच्या अंगावरची चरबी वितळवून देते.

आणि वार अडकली तर ओढायची नाही. दगड किंवा चप्पल बांधून ठेवायची तर अजिबातच नाही. लोंबणारा भाग गुडघ्याच्या उंचीवर कापायचा, शेपूट आणि मागचा भाग स्वच्छ ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, गाय खाईनाशी झाली किंवा घाण वास येणारा पातळ स्राव सुरू झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. एरवी वार कुजून आठवडा-दहा दिवसांत आपोआप पडते. ओढून काढताना तिचे तुकडे आत राहतात आणि अस्तर सोलले जाते. ती जखम पुढे महिनोन् महिने पुरते.

राणी आणि सोनी : माज दिसण्याचा प्रश्न

राणीचे गर्भाशय निरोगी होते. २९ मेला ती पुन्हा माजावर आली, म्हणजे ८ मेचे रेतन फुकट गेले होते. विचारल्यावर उलगडले : माज पहाटे धारेच्या वेळी दिसायचा, फोन नऊ वाजता व्हायचा, आणि रेतन करणारा दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा. माज १२ ते १८ तास टिकतो आणि बीजांड माज संपल्यावर १० ते १४ तासांनी सुटते. सुटलेले बीजांड काही तासच फलनक्षम राहते. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. यापेक्षा उशीर झाला तर कांडी कितीही उत्तम असो, गाठ पडत नाही.

कांडीची हाताळणीही पाहिली. ती ३५ ते ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात ३० सेकंद वितळवायची, आणि पाणी थर्मामीटरने मोजून घ्यायचे. हौदातल्या गार पाण्यात बुडवणे किंवा तळहातावर चोळणे म्हणजे शुक्रजंतू मारणे. कांडी कोरडी पुसायची, गन थोडी गरम करून घ्यायची आणि काही मिनिटांत रेत गर्भाशयमुखाच्या पुढच्या टोकाशी, गर्भाशयाच्या शरीरात सोडायचे. इथला रेतन करणारा हे सगळे नीट करत होता. अडचण फक्त त्याला बोलावण्याच्या वेळेत होती.

सोनी ११० दिवस माजावर आली नाही असे मालक म्हणत होता. गुदमार्गे तपासणीत उजव्या बीजांडकोशावर चांगला पीतपिंड लागला, म्हणजे ती माजावर येत होती आणि दिसत नव्हती. घरच्या आजींनी सांगितले की सोनी कधी कधी रात्री हंबरते आणि पहाटे चारा टाकून उभी राहते. त्यांचे म्हणणे कुणी मनावर घेतले नव्हते. माजावरच्या गाईंचे एकमेकींवर चढण्याचे प्रकार संध्याकाळ ते पहाट या थंड वेळेत जास्त होतात. दावणीला बांधलेली, गुळगुळीत कोब्यावर उभी असलेली गाय चढेल तरी कशी? उन्हाळ्यात माज आणखी थोडक्यात उरकतो. सोनी रेतन न झालेली आणि रिकामी आहे याची खात्री करूनच तिला प्रोस्टाग्लँडिन दिले (क्लोप्रोस्टेनॉल ५०० मायक्रोग्रॅम, स्नायूत). तिसऱ्या दिवशी रात्री दहाच्या फेरीत ती माजावर सापडली. हे औषध गर्भवती स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी हाताळू नये, ते कातडीतूनही शोषले जाते. गोठ्यातली कामे बहुतेक घरच्या बायकांकडे असतात, म्हणून हे आवर्जून सांगायला हवे.

परड्यात तारेचे कुंपण घालून मातीच्या जमिनीवर गाई सकाळ-संध्याकाळ दोन तास मोकळ्या सोडायला सुरुवात केली. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी अर्धा अर्धा तास नुसते बघायचे, धार-चारा काहीही न करता. रात्रीची फेरी आजींनी आपणहून अंगावर घेतली.

गंगी, तांबडी, मोरी

गंगी पहिलारू, व्याल्यापासून १०० दिवस, फासळ्या मोजता येतील अशी. पाचपैकी तिचा शरीरगुणांक सव्वादोन. दहा दिवसांच्या अंतराने दोनदा तपासली, दोन्ही वेळा बीजांडकोश लहान आणि गुळगुळीत. हा खरा अमाज. स्वतःची वाढ अजून चालू, वर दूध, आणि पेंड इतरांएवढीच. तिथे प्रोस्टाग्लँडिन कुचकामी, कारण मोडायला पीतपिंडच नाही. जंतनाशक, पेंडीत वाढ, रोज १०० ग्रॅम बायपास फॅट (पहिल्या पोटात न मोडता पुढे जाणारी चरबी). दीड महिन्याने अंग धरल्यावर योनीत सात दिवस प्रोजेस्टेरॉनचे उपकरण ठेवले, ते काढताना प्रोस्टाग्लँडिन दिले आणि आलेल्या माजावर रेतन केले. अंग भरायच्या आधी हेच उपकरण वापरले असते तर पैसे बहुधा पाण्यात गेले असते.

तांबडीच्या डाव्या बीजांडकोशावर सोनोग्राफीत सुमारे ३ सेंटिमीटरचे पाण्याचे गळू दिसले, दहा दिवसांनीही तसेच. आधी जीएनआरएच हे संप्रेरक (ब्युसेरेलिन) आणि नंतर प्रोस्टाग्लँडिन. गळू हाताने दाबून फोडण्याची पद्धत सोडून द्यावी, त्याने रक्तस्राव होतो आणि बीजांडकोश चिकटतो.

मोरी बसली की पांढरा पू बाहेर पडायचा. तिचे वासरू आडवे होते, चार माणसांनी ओढून काढले, वर वारही ओढलेली. पीतपिंड होता म्हणून प्रोस्टाग्लँडिन, चौदा दिवसांनी पुन्हा. माजाच्या काळात गर्भाशयाचे तोंड उघडते, इस्ट्रोजेनमुळे तिथली प्रतिकारशक्ती वाढते आणि पू बाहेर येतो, हे त्यामागचे कारण.

गेल्या वर्षी या गोठ्यात एक गाय सातव्या महिन्यात गाभडली होती, म्हणून सगळ्यांचे रक्त ब्रुसेलोसिससाठी तपासले. कुणालाही निघाला नाही. तरी ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदा द्यायची लस दिली, आणि गाभडलेला गर्भ किंवा वार उघड्या हाताने उचलायची नाही, चुना टाकून खोल पुरायची, हे ठरले. हा आजार माणसाला होतो आणि वर्षानुवर्षे सांधे धरून ठेवतो.

पुढे काय झाले

राणी ३० मेच्या सकाळच्या रेतनाला गाभण राहिली. सोनी पहिल्या, गंगी दुसऱ्या रेतनाला. तांबडी ऑगस्टमध्ये. चांदीची बळस ८ जूनला तपासली तेव्हा नळीला रंग आला नाही, रेतन केले, पण ती राहिली नाही. २९ जूनच्या रेतनाला राहिली. व्याल्यापासून १९६ दिवसांनी, म्हणजे गर्भकाळाचे २८० दिवस धरून दोन वेतांत साडेपंधरा महिन्यांचे अंतर पडले. १०० दिवसांत राहिली असती तर ते साडेबारा महिने झाले असते. मधले तीन महिने गाय कमी दुधावर किंवा भाकड उभी राहून चारा खाते.

आधीपासून गाभण असलेल्या तीन गाई नव्या चाऱ्यावर व्याल्या. दोघींची वार सहा तासांच्या आत पडली, तिसरीची दुसऱ्या दिवशी सकाळी, न ओढता. तीन गाईंवरून निष्कर्ष काढता येत नाही. खरी परीक्षा पुढच्या गळिताच्या हंगामात, वाढे पुन्हा स्वस्त होतील तेव्हा.

मोरीचा पू थांबला, पण ऑक्टोबरच्या तपासणीत गर्भाशयाचे डावे शिंग आजूबाजूला चिकटलेले लागले. तिच्यावर आणखी औषध घालू नये असे मालकाला स्पष्ट सांगितले. दूध आहे तोवर धार काढायची, पुन्हा भरवायची नाही.